पॅकेज हाती आलं, पण त्याचा सोर्स कुठे आहे?

नमस्कार. समोर बसलेले बहुतेक जण रोज एनपीएम, पिप, कार्गो किंवा एप्ट यांपैकी पॅकेज बसवणारं काहीतरी टूल वापरतात, त्यामुळे पॅकेज म्हणजे काय इथपासून मी सुरुवात करत नाही. आजचा विषय एका वाक्यात मावतो. पॅकेजचं नाव आणि आवृत्ती दिली, की त्याचा कोड मुळात ज्या रेपॉझिटरीत, म्हणजे गिटसारख्या प्रणालीत इतिहासासह कोड ठेवायच्या जागेत, लिहिला जातो ती शोधून देणारं एक टूल आपल्याला बांधायचं आहे. ऐकायला हे दुपारभराचं काम वाटतं. पहिला मसुदा खरोखरच दुपारभरात होतोही. पण त्याने छापलेल्या पत्त्यावर विसंबून कुणी निर्णय घेणार असेल, तर खरं काम त्या दुपारनंतर सुरू होतं.

उदाहरण आपल्या भाषेतलंच घेते. डेबियन या लिनक्स वितरणात लोहित नावाचे फॉन्ट आहेत आणि त्यात मराठीसाठी वेगळं पॅकेजही आहे. लोहित मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले, रेड हॅट या लिनक्स कंपनीने ते मुक्त परवान्याखाली खुले केले आणि पुढचं बरंचसं काम रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केलं. समजा, मराठी वळणाचा ल आणि श या फॉन्टमध्ये कसा बसवलाय हे तुम्हाला मुळापासून पाहायचं आहे. जुन्या पॅकेजवर मुख्यपृष्ठ म्हणून फेडोराहोस्टेड या फेडोरा लिनक्सच्या कोड ठेवायच्या सेवेचा पत्ता आहे. ती सेवा २०१७ मध्ये बंद झाली. त्यानंतर लोहितचं घर पॅग्युअर या तशाच सेवेवर गेलं, आणि आता फेडोराने पॅग्युअर सोडून फोर्जेयोवर जायचं ठरवलंय. डेबियनच्या कंट्रोल फाइलमध्ये व्हीसीएस-गिट नावाचा रकाना असतो. तो वाचलात तर तुम्ही साल्सावर, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर, पोचाल. तिथे डेबियनचं पॅकेज कसं बांधलं ते मिळतं, फॉन्टचा मूळ विकास तिथे होत नाही. म्हणजे एकाच पॅकेजला एक मेलेला पत्ता, एक वेष्टनाचा पत्ता आणि एक खरा पत्ता. पहिला सापडलेला पत्ता छापून मोकळं होणारं टूल यात माणसाला कुठेही नेऊन सोडेल.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घेऊ. ‘सोर्स कुठे आहे’ या प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. हा प्रकल्प कुठे विकसित होतो, हा पहिला. माझ्याकडची आवृत्ती तिथल्या नेमक्या कुठल्या कमिटमधून, म्हणजे इतिहासातल्या कुठल्या नोंदीतून, निघाली, हा दुसरा. आणि माझ्या डिस्कवर उतरलेल्या फायली खरोखर त्या कमिटमधूनच बनल्यात का, हा तिसरा. आज उपलब्ध असलेली बरीचशी टूल पहिल्याचं उत्तर देतात, आणि वाचणारा ते तिन्हींचं उत्तर समजतो. माझा सगळा आग्रह इथे आहे. टूलने पत्ता द्यावा, आणि तो कशावरून दिला तेही त्याच ओळीत सांगावं.

आता बांधायला घेऊ. प्रत्येक रजिस्ट्रीसाठी, म्हणजे पॅकेज जिथे प्रकाशित होतात त्या साठ्यासाठी, एक वेगळा वाचक लिहायचा. त्याने फक्त उमेदवार पत्ते गोळा करायचे, निवड करायची नाही. निवड आणि तपासणी पुढच्या टप्प्यात, सगळ्यांसाठी एकाच जागी. ही वाटणी पहिल्या दिवसापासून ठेवा. कारण प्रत्येक परिसंस्थेच्या तऱ्हा वेगळ्या, पण पत्ता तपासायची रीत सगळीकडे तीच.

जावास्क्रिप्टच्या एनपीएमपासून सुरुवात करणं सोपं. पॅकेज डॉट जेसन फाइलमध्ये रेपॉझिटरी नावाचा रकाना असतो आणि ‘एनपीएम रेपो’ ही कमांड तोच वाचून ब्राउझर उघडते. पण तो रकाना कधी ऑब्जेक्ट असतो, कधी नुसती स्ट्रिंग. स्ट्रिंगमध्ये फक्त वापरकर्ता, तिरकी रेघ आणि रेपोचं नाव असेल तर ते गिटहबवरचं समजायचं. पुढे ‘गिटलॅब’ किंवा ‘बिटबकेट’ आणि कोलनचं चिन्ह असेल तर त्या-त्या सेवेवरचं, ‘गिस्ट’ असेल तर गिस्ट. पूर्ण पत्ता असला तरी तो ‘गिट प्लस एचटीटीपीएस’ने सुरू होईल, नाहीतर ‘गिट प्लस एसएसएच’ने, नाहीतर ‘गिट ॲट गिटहब डॉट कॉम’ या जुन्या एससीपी वळणाने. यांतलं शेवटचं तर यूआरएलच नाही. नेहमीचा यूआरएल पार्सर तिथे अडखळतो, कारण यजमानाच्या नावानंतर पोर्टऐवजी थेट वाटेचं नाव येतं. मग शेवटी ‘डॉट गिट’ असणं-नसणं, # हे चिन्ह लावून जोडलेलं फांदीचं नाव, आणि ‘ट्री मास्टर’ घालून थेट आतल्या फोल्डरचा चिकटवलेला पत्ता. हे सगळं पाहून एका रूपात आणायचं. एनपीएम स्वतः यासाठी हॉस्टेड-गिट-इन्फो नावाची लायब्ररी वापरतं. जावास्क्रिप्टमध्ये लिहीत असाल तर तीच वापरा. दुसऱ्या भाषेत लिहीत असाल तर निदान तिच्या चाचण्या वाचा. लोक पत्ता किती परींनी लिहितात याचा इतका चांगला संग्रह मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

‘गिट’, कोलन आणि दोन तिरक्या रेघा यांनी सुरू होणाऱ्या, एन्क्रिप्शन नसलेल्या पत्त्यांबद्दल एक वेगळी सूचना. गिटहबने हा प्रोटोकॉल मार्च २०२२ मध्ये कायमचा बंद केला. पण त्याआधी प्रकाशित झालेल्या असंख्य आवृत्त्यांमध्ये तोच पत्ता लिहिलेला आहे, आणि प्रकाशित आवृत्तीचा मेटाडेटा, म्हणजे तिच्यासोबतची माहिती, कुणी मागे जाऊन बदलत नाही. पत्ता चालत नाही म्हणून रेपो नाही असा निष्कर्ष काढू नका. यजमान ओळखीचा असेल तर प्रोटोकॉल बदलून पाहा.

मोनोरेपो, म्हणजे अनेक पॅकेजेस एकाच रेपोत, हा एनपीएममधला पुढचा थांबा. बेबेल या जावास्क्रिप्ट टूलचं मुख्य पॅकेज घ्या. त्याचा रेपो बेबेलचाच, पण ते पॅकेज ‘पॅकेजेस’ फोल्डरच्या आत ‘बेबेल-कोर’मध्ये आहे. टाइपस्क्रिप्टच्या ‘टाइप्स’ या नावाखाली येणारी हजारो पॅकेजेस तर डेफिनिटलीटाइप्ड या एकाच रेपोतून निघतात. अशा वेळी नुसता रेपोचा पत्ता देणं म्हणजे उत्तर न दिल्यासारखंच. त्यासाठी रेपॉझिटरीच्या ऑब्जेक्टमध्ये ‘डिरेक्टरी’ नावाचा उपरकाना आहे, तो वाचाच. तो नसेल तर रेपो उतरवून त्यातल्या सगळ्या पॅकेज डॉट जेसन फायली चाळा आणि नाव कुठे जुळतं ते पाहा. ही चाळणी पुढे आणखी एका महत्त्वाच्या कामाला येणार आहे.

पायथनकडे वळलं की चित्र बदलतं. पायपीआय या पायथनच्या रजिस्ट्रीच्या जेसन उत्तरात ‘होम पेज’ हा जुना रकाना आहे आणि ‘प्रोजेक्ट यूआरएल्स’ नावाचा कोश आहे. त्या कोशाच्या किल्ल्या वर्षानुवर्षं लेखकाच्या मर्जीवर होत्या. कुणी ‘सोर्स’ लिहितो, कुणी ‘सोर्स कोड’, कुणी ‘कोड’, कुणी ‘रेपॉझिटरी’, कुणी सरळ ‘गिटहब’. अलीकडे पेप ७५३ ने (पेप म्हणजे पायथनचे क्रमांक दिलेले प्रस्ताव) यात शिस्त आणली. किल्लीतली विरामचिन्हं आणि मोकळ्या जागा काढायच्या, सगळी अक्षरं लहान करायची आणि मग ठरलेल्या नावांशी ताडून पाहायचं. जुन्या आवृत्त्यांसाठी मात्र तुमची स्वतःची यादी लागेलच. सोर्सची किल्ली मिळाली नाही तर तक्रारींच्या पानाचा पत्ता पाहा. गिटहबवरचा ‘इश्यूज’चा पत्ता असेल तर शेवटचा तुकडा कापला की बहुतेकदा रेपो हाती लागतो. बहुतेकदा म्हणते, कारण काही प्रकल्प तक्रारी एका रेपोत घेतात आणि कोड दुसऱ्यात ठेवतात. आणि वर्णनाच्या मजकुरात दिसेल तो गिटहबचा दुवा उचलू नका. तिथे बॅजेस असतात, आभार असतात, ज्यावरून प्रेरणा घेतली त्या प्रकल्पांचे दुवे असतात. तो उमेदवार यादीत सर्वांत शेवटी.

पायथनमध्ये नावाचाही घोळ आहे. पेप ५०३ प्रमाणे हायफन, अधोरेषा आणि टिंब सारखेच धरायचे आणि अक्षरं लहान करायची. रजिस्ट्रीला विचारण्याआधी ही पायरी पार पाडा. शिवाय लोक इम्पोर्टचं नाव पॅकेजचं नाव म्हणून देतात. ‘सीव्हीटू’ इम्पोर्ट करणारा ‘ओपनसीव्ही-पायथन’ बसवत असतो, आणि त्या पॅकेजचा रेपो पायथनसाठीचं वेष्टन सांभाळतो. प्रतिमांवर खरी प्रक्रिया करणारा सी प्लस प्लस कोड ओपनसीव्हीच्या मुख्य रेपोत आहे आणि वेष्टनाच्या रेपोत तो सबमॉड्यूल म्हणून जोडलेला आहे. इथे दोन्ही पत्ते बरोबर आहेत. कुठला दाखवायचा हे विचारणारा काय शोधतोय यावर ठरतं, म्हणून दोन्ही दाखवा आणि नातं सांगा.

सगळं जग गिटहबवर आहे असं धरून चालू नका, हेही याच ओघात सांगते. ब्यूटिफुल सूप या पायथन पॅकेजचा कोड लाँचपॅडवर आहे. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी तर गिटमध्येसुद्धा नाही. तिचे कर्ते रिचर्ड हिप यांनी आवृत्त्यांचा इतिहास ठेवणारी स्वतःची फॉसिल नावाची प्रणाली लिहिली आणि मूळ इतिहास तिच्यात राहतो. गिटहबवर दिसतो तो आरसा. त्यातही बहुतेक प्रकल्प एसक्यूलाइटची जी एक मोठी सी फाइल आपल्यात घेतात, ती शंभराहून अधिक फायली एकत्र करून बनवलेली असते. ती फाइल वाचून तुम्ही कोड वाचला हे खरं, पण माणसाने हाताने लिहिलेली फाइल ती नव्हे.

रस्टबद्दल थोडक्यात. क्रेट्स डॉट आयओ या तिच्या रजिस्ट्रीवर रेपॉझिटरीचा रकाना आहे, आणि त्याहून मोलाची गोष्ट पॅकेजच्या आत आहे. कार्गो पॅकेज बांधताना एक लहानशी व्हीसीएस माहितीची फाइल आत ठेवतो. तिच्यात कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळख पटवणारा ठसा, असतो आणि रेपोमधली वाटही. ती फाइल लेखकाच्याच संगणकावर बनते, म्हणून पुरावा म्हणून ती कच्ची, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारा इतका सरळ धागा फार कमी ठिकाणी मिळतो. क्रेट्सच्या सर्व्हरला विचारताना आपली ओळख सांगणारा यूजर एजंट द्या आणि सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंती करू नका, तसा त्यांचा नियम आहे. रुबीत ‘सोर्स कोड यूआरआय’ पाहा. पीएचपीच्या पॅकेजिस्टमध्ये तर प्रत्येक आवृत्तीसोबत गिटचा पत्ता आणि कमिट दोन्ही येतात, कारण पॅकेजिस्ट रेपोवरूनच माहिती घेतं.

गो भाषेत इम्पोर्टची वाट हाच पत्ता असतो, म्हणून तिथे शोधण्यासारखं काही नाही असं वाटतं. पण पुष्कळ प्रकल्प स्वतःच्या डोमेनचं नाव वापरतात. कुबरनेटीसची मॉड्यूल ‘के एट एस डॉट आयओ’ने सुरू होतात. अशा वेळी त्या पत्त्यावर ‘गो-गेट बरोबर एक’ हे जोडून विनंती करायची आणि पानातला गो-इम्पोर्ट नावाचा मेटा टॅग वाचायचा. खरा रेपो तिथे लिहिलेला असतो. गोच्या प्रॉक्सीकडून, म्हणजे मॉड्यूल आणून पुरवणाऱ्या सर्व्हरकडून, आवृत्तीची माहिती मागितली तर बऱ्याचदा मूळ रेपो, टॅग (कमिटला लावलेलं आवृत्तीचं नाव) आणि हॅश एकत्र मिळतात. आणि ही नोंद लेखकाने भरलेली नसते, प्रॉक्सीने स्वतः कोड आणला तेव्हाची असते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जावाच्या मेव्हनमध्ये एक विचित्र खाच आहे. पॉम या पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये सोर्सच्या पत्त्यासाठी एससीएम नावाचा भाग असतो. तो नसेल तर वरच्या, म्हणजे पालक पॉमकडून वारसा येतो. पण वारशाने येताना मेव्हन त्या पत्त्याच्या शेवटी अपत्य मॉड्यूलचं नाव जोडतो. सबव्हर्जन या गिटआधीच्या प्रणालीच्या काळात हे बरोबर होतं, कारण तिथे आतल्या फोल्डरलाही स्वतःचा पत्ता असायचा. गिटमध्ये असा पत्ताच नसतो. परिणामी रेपोचं नाव, तिरकी रेघ आणि मॉड्यूलचं नाव असा कुठेही न उघडणारा पत्ता तयार होतो. मेव्हन ३.६.१ पासून लेखकाला हे बंद करता येतं, पण जुने पॉम तसेच आहेत. पत्ता उघडला नाही तर शेवटचा तुकडा काढून पुन्हा पाहा, आणि पालक पॉममधला मूळ पत्ता वेगळा उमेदवार म्हणून ठेवा.

आता उमेदवार हाती आले. जिवंत आहेत का हे पाहायला संपूर्ण रेपो उतरवायची गरज नाही. ‘गिट एलएस-रिमोट’ने फांद्या आणि टॅग तेवढे कळतात. गिटहबचं एपीआय वापरत असाल तर ओळख न देता तासाला ६० विनंत्या मिळतात, टोकन दिलं तर ५०००. म्हणून मिळालेलं उत्तर साठवून ठेवा.

पत्ते मरतात, आणि घाऊक मरतात. २०१५ हे त्यासाठी लक्षात राहणारं वर्ष आहे. गुगलने गुगल कोड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, गिटोरियस गिटलॅबने घेऊन बंद केलं, जावावाल्यांचं कोडहाउसही त्याच वर्षी मिटलं. २०२० मध्ये बिटबकेटने मर्क्युरियल या गिटसारख्या प्रणालीचे रेपो काढून टाकले. जुन्या पॅकेजांत हे पत्ते अजून दिसतात. इथे सॉफ्टवेअर हेरिटेजचे आभार मानावेत तेवढे थोडे. फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये हा संग्रह जगापुढे आणला. गुगल कोड, गिटोरियस आणि बिटबकेटचे मर्क्युरियल रेपो यांचा मोठा साठा तिथे जपलेला आहे. मूळ पत्ता दिला की तो तिथे कधी टिपला गेला हे कळतं. तुमच्या टूलमध्ये हा शेवटचा आसरा म्हणून नक्की ठेवा आणि उत्तरात स्पष्ट लिहा, की हा संग्रहातला कोड आहे.

मेलेल्या पत्त्यापेक्षा जास्त घातक असतो तो पुन्हा जिवंत झालेला पत्ता. गिटहबवर कुणी वापरकर्तानाव बदललं की जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवलं जातं, आणि टूल निवांत पुढे जातं. पण सोडलेलं नाव दुसरा कुणी घेऊ शकतो. त्याने त्याच नावाचा रेपो तयार केला की वळवणं थांबतं आणि जुना पत्ता त्याच्या रेपोवर उघडतो. मे २०२२ मध्ये पीएचपीच्या पीएचपास पॅकेजच्या एका जुन्या प्रतीबाबत नेमकं हेच घडलं. खातं काढून टाकलेलं होतं, ते नाव दुसऱ्याने घेतलं आणि पॅकेजिस्टवरून बसवणाऱ्यांकडे त्याचा कोड जाऊ लागला. गिटहबने त्याआधीच, २०१८ मध्ये, जास्त वापरातल्या रेपोंची नावं गोठवायला सुरुवात केली होती, पण सगळे रेपो काही त्यात बसत नाहीत. म्हणून वळण आलं की ते निमूटपणे गिळू नका. जुना पत्ता आणि नवा पत्ता दोन्ही दाखवा. रेपोची निर्मितीची तारीख पॅकेजच्या त्या आवृत्तीच्या नंतरची असेल, तर ते ठळक अक्षरांत सांगा.

आणि आता आजचा गाभा. रजिस्ट्रीवरचा हा रकाना कोण भरतो? पॅकेज प्रकाशित करणारा. कोण तपासतो? पूर्वापार, कुणीच नाही. सातबाऱ्यावर नाव लावायचं तर तलाठी फेरफार लिहितो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. रेपॉझिटरीच्या रकान्याला असा कुणी अधिकारी नाही. मी आज रात्री एक पॅकेज टाकून त्यात एखाद्या नामांकित प्रकल्पाचा पत्ता लिहू शकते. मग माझ्या पॅकेजच्या पानावर त्या प्रकल्पाचे तारे, म्हणजे गिटहबवरच्या पसंतीच्या खुणा, दिसतील, त्याचे योगदानकर्ते दिसतील. याला सुरक्षेच्या क्षेत्रात स्टारजॅकिंग म्हणतात.

यावरचा उपाय म्हणजे उलटी तपासणी. पॅकेज म्हणतं, हा माझा रेपो. रेपोसुद्धा म्हणतो का, की हे माझं पॅकेज? मघाशी मोनोरेपोसाठी जी चाळणी केली, तीच इथे चालवायची. रेपोतल्या कुठल्याही मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे पॅकेज डॉट जेसनसारख्या फाइलमध्ये, हे नाव नसेल, तर दावा एकतर्फी आहे. नाव असेल तर तो रेपो कुणाचा फोर्क, म्हणजे दुसऱ्याने केलेली प्रत, तर नाही ना हे पाहा, कारण फोर्कमध्येही नाव तेच राहतं. त्यानंतर टॅग. १.२.३ ही आवृत्ती कुणाकडे ‘व्ही’ लावून असते, कुणाकडे नुसती, कुणाकडे ‘रिलीज’ जोडून, आणि मोनोरेपोत पॅकेजचं नाव, ॲटचं चिन्ह आणि मग आकडा. एनपीएमच्या मेटाडेटात कधी कधी गिट हेड नावाचा हॅश मिळतो, तो रेपोत आहे का पाहा.

टॅगही जुळला, म्हणजे झालं? नाही. २०१८ सालचं इव्हेंट-स्ट्रीम प्रकरण आठवा. या लोकप्रिय पॅकेजला फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाचं नवं अवलंबन (डिपेंडन्सी) जोडलं गेलं. त्या नव्या पॅकेजचा गिटहबवरचा कोड सरळ होता. बिटकॉइनच्या एका वॉलेटवर डोळा ठेवणारा कोड एनपीएमवर चढवलेल्या मिनिफाय केलेल्या, म्हणजे आटवून वाचायला अवघड झालेल्या, फाइलमध्ये होता. रेपो वाचणाऱ्याला तो दिसलाच नसता.

त्याहून मोठा प्रसंग मार्च २०२४ चा, एक्सझेड या फायलींचा आकार कमी करणाऱ्या टूलचा. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. ते धागा ओढत गेले आणि २९ मार्चला त्यांनी जगाला सांगितलं, की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा आहे. इथे आपल्या कामाचा तपशील असा. घातक कोडचा मुख्य भाग चाचणीच्या फायली म्हणून रेपोतच, बायनरी रूपात, उघड्यावर पडलेला होता. पण त्याला बांधणीत ओढून घेणारी पहिली ओळ रेपोत नव्हती. ती ‘बिल्ड-टू-होस्ट’ नावाच्या एका एमफोर फाइलमध्ये होती, आणि ती बदललेली फाइल फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे फायलींच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात, होती. प्रकल्प खरा, रेपो खरा, टॅग खरा, प्रकाशित करणाऱ्याला अधिकारही खरा. तरीही टारबॉल आणि टॅग यांत फरक होता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अगदी बरोबर आली असती आणि तिसरा प्रश्न विचारलाच गेला नसता.

म्हणून टूलला तुलना करता आली पाहिजे. पॅकेज उघडा, टॅगवरचा कोड घ्या, फाइलगणिक हॅश काढा. पॅकेजमध्ये आहे पण रेपोत नाही अशा फायलींची यादी द्या, आणि दोन्हीकडे असून मजकूर वेगळा असलेल्यांची वेगळी यादी द्या. यादी रिकामी क्वचितच येईल, कारण टाइपस्क्रिप्टपासून बनलेलं जावास्क्रिप्ट, ऑटोटूल्सने बनवलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट अशा कितीतरी फायली बांधणीच्या वेळी तयार होतात. एक्सझेडमध्ये हाच आडोसा कामी आला. टारबॉलमध्ये जास्तीची एमफोर फाइल असणं कुणाला खटकण्यासारखं नव्हतं. यादी दिसली म्हणून लगेच आरोप करू नका, पण ती लपवूही नका. ती वाचायला माणूस लागतो, आणि त्या माणसासमोर ती आणून ठेवणं हे आपल्या टूलचं काम.

२०२३ पासून याहून पक्का पुरावा उपलब्ध होऊ लागला आहे. एनपीएमने त्या वर्षी प्रोव्हेनन्स आणलं. पॅकेज गिटहब ॲक्शन्ससारख्या आपोआप बांधणी करणाऱ्या सेवेत बांधलं गेलं, तर कुठला रेपो, कुठलं कमिट, कुठली वर्कफ्लो फाइल, याचं सही केलेलं निवेदन सिगस्टोरच्या सार्वजनिक नोंदवहीत जातं. पायपीआयने २०२३ मध्ये ट्रस्टेड पब्लिशिंग, म्हणजे अशा सेवेतून थेट प्रकाशन, आणि २०२४ मध्ये पेप ७४० प्रमाणे अशीच प्रमाणपत्रं सुरू केली. पायपीआयच्या पानावर आता पडताळलेले तपशील आणि न पडताळलेले तपशील वेगवेगळे दिसतात. हे निवेदन हाती असेल तर ते आधी तपासा आणि रकान्यातला पत्ता त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे निघाले तर निवेदनाला मान द्या आणि फरक सांगा. मात्र कोड कुठून आला एवढंच ते सिद्ध करतं. कोड चांगला आहे की वाईट, हे त्याच्या आवाक्यातलं नाही.

आधीच अशी टूल आहेत का, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. आहेत, आणि ती वापरा. मायक्रोसॉफ्टच्या ओएसएस गॅजेटमध्ये पॅकेजवरून सोर्स शोधणारी कमांड आहे, आणि आतून ती प्रत्येक पत्त्याला शक्यतेचा आकडा जोडते. गुगलच्या डेप्स डॉट देव सेवेचं एपीआय पॅकेज आणि प्रकल्पाचं नातं सांगताना ते कशावरून ठरवलं हेही देतं: न पडताळलेला मेटाडेटा, सहीचं निवेदन, की गोच्या प्रॉक्सीची नोंद. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते. ‘शक्यता शून्य पूर्णांक आठ’ असं वाचून माणूस काय करणार? ‘लेखकाने सांगितलं, रेपोने दुजोरा दिला, टॅग सापडला, तीन फायली वेगळ्या’ असं वाचलं तर पुढे काय तपासायचं हे त्याला कळतं. नावावरून शोध घेऊन काढलेला अंदाज मात्र नेहमी अंदाज म्हणूनच छापा, आणि इतर काहीही मिळालं असेल तर छापूच नका.

टूलच्या स्वतःच्या सुरक्षेचा मुद्दा लहान आहे पण टाळता येणार नाही. आपण अनोळखी माणसाने लिहिलेली स्ट्रिंग वाचून ती गिटला देतोय. ऑगस्ट २०१७ मध्ये उघड झालं, की एसएसएच पत्त्यातलं यजमानाचं नाव हायफनने सुरू केलं तर एसएसएच त्याला पर्याय समजतं, आणि प्रॉक्सी कमांडच्या नावाखाली हवी ती कमांड चालवता येते. गिट, मर्क्युरियल आणि सबव्हर्जन तिन्हींना दुरुस्ती करावी लागली. तेव्हा फक्त एचटीटीपीएस पत्ते गिटकडे जाऊ द्या, बाकीचे आधी त्या रूपात आणा, शेलमधून कमांड चालवू नका आणि कमांडमध्ये पत्त्याच्या आधी दोन हायफन सुटे ठेवा, म्हणजे पुढचं काही पर्याय समजलं जाणार नाही. ब्राउझर उघडतानाही तेच. ‘जावास्क्रिप्ट’ किंवा ‘फाइल’ने सुरू होणारा पत्ता कुणीही त्या रकान्यात लिहू शकतो. आणि तुलना करताना पॅकेज फक्त उघडा, बसवू नका. बसवलं की एनपीएममधल्या स्क्रिप्ट चालतात.

शेवटी, काहीच सापडलं नाही तर काय? तर ‘सापडला नाही’ असं स्पष्ट लिहा आणि कुठे-कुठे पाहिलं ते द्या. आणि इथे तुमच्यासारख्यांना, विशेषतः ज्यांना मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पहिलं योगदान द्यायचंय त्यांना, भरपूर काम आहे. रेपो शोधून काढलात आणि पॅकेजमध्ये त्याचा पत्ताच नाही असं दिसलं, तर पायप्रोजेक्ट डॉट टॉमल किंवा पॅकेज डॉट जेसनमध्ये तेवढी एक ओळ घालणारा बदल त्या प्रकल्पाला पाठवा. डेबियनमध्ये मुख्यपृष्ठ मेलेलं दिसलं तर बग नोंदवा. मोनोरेपोत ‘डिरेक्टरी’ नसेल तर ती भरा. असा बदल लहान असतो, वाचायला सोपा असतो, आणि सांभाळणारे तो सहसा आनंदाने घेतात.

तो स्वीकारला गेला तरी लगेच दिसणार नाही. पत्ता पुढच्या प्रकाशनासोबतच रजिस्ट्रीवर जातो आणि मागच्या आवृत्त्या तशाच राहतात. म्हणून कुणी जुन्या आवृत्तीबद्दल विचारलं, तरी टूलने सर्वांत नव्या आवृत्तीचा रकानाही वाचावा, आणि पत्ता कुठल्या आवृत्तीतून उचलला ते उत्तरात लिहावं.